एकच बार

१४ जून

पोचलो एकदाचा! विमान पाण्यावर टेकलं तेव्हा ओरेन शँगिन मांडीभर पाण्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता, जसं काही आम्ही त्याला तसाच सोडून पुढे निघून जाणार होतो. पहिला प्रश्न, कॉफी आणलीस का. आणली म्हटल्यावर मग माझं नाव विचारलं. कर्ट लिंडेल, अँकरेजचा, असं सांगितलं तर म्हणाला, म्हणजे शहरी बाबू, चल, आधी बाबूचे बूट भिजवू.

काम सोपं आहे. नदीवर सळ्यांचं आडवं कुंपण घातलंय, मधे एक फट. सॅमन समुद्रातून वर चढायला लागले की त्या फटीतून जाणार आणि आम्ही ते मोजायचे. शिवाय अधूनमधून एकानं नदीच्या वरच्या अंगाला चालत जाऊन विणीच्या जागा बघून यायच्या. ते ओरेननं स्वतःकडे घेतलंय, कारण त्याला एका जागी बसवत नाही. खोली एकच. झोपायला दोन बाकं, एक शेगडी, आणि खिडकीच्या काचेवर बाहेरून अस्वलानं चाटल्याचे डाग. संध्याकाळी ओरेननं पेरोक केला, भात आणि मासा भरून भाजलेला, त्याच्या गावाकडचा. मी इतका हाणला की पट्टा सैल करावा लागला. इथे मला करमणार.

१६ जून

आज हत्यारांची वाटणी झाली. ऑफिसातल्या मार्लानं निघताना खरेदी माझ्यावर सोपवली होती. दोघांना दोन, तुला त्यातलं कळतं ना, म्हणाली. कळतं म्हणालो. अलास्कात वाढलेल्या माणसाला अस्वलासाठी कमरेला काय लावायचं यावर मत नसेल तर त्याला कोणी जेवायलासुद्धा बोलवत नाही. दुकानात अर्धा दिवस घालवला. काउंटरवरची बाई पिस्तूल घे म्हणत होती, गोळ्या जास्त मावतात म्हणून. मी रिव्हॉल्व्हरवर अडून बसलो. मग ती म्हणाली, जड घेतलंस तर चार दिवसांत खिळ्याला टांगशील, हलकं घेतलंस तर मनगट सुजवून घेशील, बोल, कुठलं दुखणं हवंय? मी दोन्ही घेतली. एक जड पोलादी, आणि एक इतकं हलकं की खेळणं वाटावं. काडतुसं दोन्हींना एकच, सगळ्यांत जोरदार, कडक शिशाच्या गोळ्यांची.

हलकं ओरेनला दिलं. दिवसभर पाण्यातून चालणारा तो. त्यानं ते तळहातावर झेलून पाहिलं, हे काय रे, यानं सिगारेट पेटवायची का, म्हणाला. मग सहज विचारलं, काडतुसं घालून बघितलीस ना?

बघितली म्हणालो.

हा प्रश्न इकडे सगळेच विचारतात. हलक्या हत्याराला झटका फार. एक बार काढला की फिरत्या चाकातल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या झटक्यानं पुढे सरकू शकतात. टोक बाहेर आलं की चाक अडकतं, आणि मग हातात नुसता दगड. म्हणून नवं हलकं हत्यार घेतलं की एक सोडून सगळे बार काढायचे आणि उरलेलं काडतूस निरखून बघायचं. पोरंटोरंही करतात. मी दगडांच्या खाणीमागे जाऊन एक बार काढला होता. अंगठ्याची बेचकी फाटली, हात कोपरापर्यंत बधिर झाला. दुसरा काढवला नाही, आणि उरलेली बघायचीही राहिली. पण काडतुसं चांगली आहेत. काही होत नाही.

२३ जून

मासे आले! सकाळपासून फटीतून नुसती रीघ. ओरेन प्रत्येक मोठ्या मादीला वाकून या बाईसाहेब म्हणतो आणि त्यात माझी मोजणी चुकते.

दुपारी त्याला हुक्की आली, चल, पाच-सहा बार काढून हात बसवतो. मी म्हटलं, उगाच अस्वलं बिथरतील, आणि काडतुसंही बेताचीच आहेत. बरं, तू म्हणतोस तर, म्हणाला आणि हत्यार परत छातीवरच्या पट्ट्यात सरकवलं. एवढ्या लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण मग हंगामभर मला अंगठा फुंकणारा बाबू म्हणून चिडवलं असतं, आणि मार्लालाही रेडिओवर रंगवून सांगितलं असतं. उद्या सांगेन.

३ जुलै

कुंपणाशी एक मोठं अस्वल येऊन बसायला लागलंय, डावा कान फाटलेलं. ओरेननं त्याचं नाव कानफाट्या ठेवलंय. आमच्याकडे बघतसुद्धा नाही. ओरेन म्हणतो, न बघणाऱ्याकडे जास्त लक्ष ठेव. जेवताना त्यानं खुणा पुन्हा घोकून घेतल्या. एक बार म्हणजे अस्वल हाकललं, सगळं ठीक. लागोपाठ तीन म्हणजे हातातलं टाकून धावत ये. मला लहानपणापासून माहीत आहे, तरी त्यानं तीनदा म्हणायला लावलं.

हत्याराचं अजून सांगितलेलं नाही. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागेल.

७ जुलै

ओरेन सकाळी वर गेला. कानफाट्या आज कुंपणाशी आला नाही.

मी तव्यावर धिरडी उलटत होतो तेव्हा बार ऐकू आला. एक. हात थांबला. दुसऱ्याची वाट बघितली. आला नाही. म्हणजे हाकललं. शाब्बास रे, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि धिरडं उलटलं. त्याच्यासाठी चार झाकून ठेवली.

संध्याकाळ झाली तरी आला नाही. धुकं पाण्यापर्यंत उतरलंय. वर मुक्कामासाठी एक तंबू ठोकून ठेवलाय, त्यात थांबला असेल. एकच बार होता. मी नीट ऐकलं. एकच होता.

एकच का होता, हा विचार मला त्या क्षणी शिवला होता. तवा हातात असतानाच. मी तो झटकून टाकला, कारण एक म्हणजे ठीक, आणि मला ते ठीकच हवं होतं. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगवणार नाही.

८ जुलै

सापडला. जिवंत आहे.

वरच्या वळणाशी माती आणि शेवाळ उकरून केलेला ढीग होता. अस्वल शिकार पुरून ठेवतं, मागाहून खायला. ढिगातून बूट दिसत होता. बूट हलला. मी हातांनी उकरलं. डोक्याची कातडी, जबडा, मांडी — लिहीत नाही. ताडपत्रीवर घालून ओढत आणला. सगळ्या वाटेवर रक्ताचा आणि मातीचा पट्टा.

हत्यार ढिगाशेजारी पडलं होतं. एका काडतुसाची टोपी उडालेली. पुढच्या काडतुसातली गोळी टोक बाहेर काढून बसलेली. चाक जागचं हलत नव्हतं. घोड्यावर त्याच्या अंगठ्याचं रक्त, दाबून दाबून.

तीन काढायचे होते त्याला. मला बोलवत होता. त्याची हाक मला सगळं ठीक अशी ऐकू आली, आणि मी धिरडी उलटत होतो.

हत्यार नदीत फेकलं. डोहात. का फेकलं ते मला माहीत आहे.

रेडिओवर मार्ला रडत होती. धुकं उठलं की विमान सोडते, धीर धर म्हणाली. मग विचारलं, हत्यार होतं ना त्याच्याकडे? होतं म्हणालो. मग? माहीत नाही म्हणालो.

९ जुलै

धुकं. विमान नाही.

ओरेन शुद्धीवर आला. जबड्यामुळे शब्द नीट फुटत नाहीत, कान तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाला, आधी अस्वलावर मिरचीचा फवारा मारला, तो वाऱ्यानं त्याच्याच डोळ्यांत गेला. मग एक बार काढला. मग म्हणाला — माफी मागत होता. माझी! चाक फिरवता आलं नाही, घाबरून माझ्या हातून काहीतरी बिघडलं, तुझं नवं हत्यार घालवलं, रागावू नकोस कर्ट.

मी म्हटलं, असू दे, झोप.

असू दे म्हणालो मी.

बाहेर कानफाट्या आहे. ताडपत्री ओढत आणल्याच्या वाटेवर नाक टेकवून दारापर्यंत आला आणि बसला. कुंपणाशी माशांचा नुसता खच पडलाय, त्यांना हुंगतही नाही. त्याला मासे नकोत. त्याचं पुरलेलं मी उकरून आणलंय. तो ते परत मागतोय.

१० जुलै

धुकं.

खिडकीतून दोन बार काढले, जड हत्यारानं. एक वाया गेला, एक कानफाट्याच्या खांद्याला. गेला. परत आला. आता बसत नाही. खोलीला फेऱ्या घालतो. फळ्यांना अंग घासल्याचा आवाज. थांबतो तेव्हा जास्त —

ओरेनला ताप. झोपेत त्याचा अंगठा हलतो. घोडा ओढतोय. पुन्हा ओढतोय. पुन्हा. मी तो हात धरून बसलो, तर माझ्या मुठीतही हलतच राहिला.

विमान यायच्या आधी हा गेला तर कोणालाच कळणार नाही. हे माझ्या मनात आलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, कारण आलं होतं.

देवा, मी कसला माणूस आहे.

११ जुलै

सांगितलं. सगळं. खाण, अंगठा, एक बार, खोटं, त्याला सराव करू दिला नाही ते, डोह.

ओरेननं विचारलं, जड तू का घेतलंस. मी म्हटलं, हलकं मला झेपत नव्हतं. त्याला हसू आलं असावं, पण जबड्यातून रक्त आलं. आईवरून शिवी दिली असती, थोबाडीत दिली असती — काहीच नाही. नुसतं, अच्छा, म्हणाला. मग पाणी मागितलं, आणि माझ्या हातचं प्यायला.

नंतर

बाहेरून धडक, दार आत वाकलं इतका जोर. वरची बिजागरी सुटली.

ओरेन म्हणतो, कानफाट्या माझ्यासाठी आलाय. तुझ्यासाठी नाही. मला बाहेर ठेव. घेऊन जाईल, तू सुटशील.

मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो का? नाही. मधे थोडा वेळ गेला. तो तेवढा वेळ माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं.

पुन्हा

ओरेन बाकावरून खाली — कोपरांवर सरकतोय. दाराकडे. बोलत नाही. माझ्याकडे बघतही नाही.

हत्यार माझ्या मांडीवर आहे. भरलेलं. थांब म्हणालो. बाहेर श्वास — फटीतून वाफ येतेय आत —

दाराची कडी खालच्या अंगाला आहे. ओरेनचा हात पोचेल. पोचला.

मी उठतोय. आधी हे लिहून — उठतोच, ओरेन, एवढं वाक्य पुरं झालं की लगेच, एवढं