ढब्बीचं माप

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (‘तीर्थरूप’ लिहिताना आज प्रथमच हात थबकला. तीर्थ म्हटलं की पाणी आलं, आणि पाण्याचं नाव काढलं की हल्ली मी विषय बदलतो. पण वडीलधाऱ्यांना दुसरं काय लिहिणार?) आपला गुडघा कसा आहे? मामींना नवा चष्मा मानवला का? इकडे आम्ही चौघंही ठीक. थोरली आठ वर्षांची झाली आणि माझ्या चुका काढते, धाकटा पाच वर्षांचा झाला आणि स्वतःच्या चुका माझ्यावर ढकलतो. मी शाळेत भूगोल शिकवतोच आहे आणि तुमची भाचेसून शिडांच्या कारखान्यात शिडं शिवतेच आहे. पत्र लिहायला तसं काही कारण नाही. सहज आठवण आली, एवढंच.

बातमी म्हणाल तर एक किरकोळ आहे. आम्ही घराला कुलूप लावून वर्षभर शिडाच्या बोटीवर राहायला जायचं म्हणतो आहोत. ‘म्हणतो आहोत’ म्हणजे ही म्हणते आहे आणि मी मान हलवतो आहे. बारा वर्षं हिने लोकांची शिडं शिवली. ती शिडं कुठल्या कुठल्या समुद्रांत जाऊन फाटून परत येतात, आणि ही त्यांना ठिगळं लावता लावता विचारत बसते की हे कुठल्या वाऱ्याने फाटलं असेल. स्वतःच्या शिडात वारा भरलेला हिने लग्नानंतर एकदाही पाहिला नाही. एवढ्या वर्षांत हिने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही मागितली अशी की ‘तुम्ही हो म्हणाल तर हो, नाही म्हणाल तर विषय संपला.’ मामा, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. आणि हो म्हणायला माझी अडचण काय, हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. एक मी आणि एक तुम्ही.

मला पोहता येत नाही. (लिहून टाकलं. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे, तेव्हा भीती नाही.) तुम्ही तलावावर शेकडो पोरांना पोहायला शिकवलंत, आणि ‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ या म्हणीवर विश्वास ठेवून मला नवव्या वर्षी मागून ढकललंत. मी म्हणीचा मान न राखता थेट तळ गाठला. त्यानंतर आपण दोघांनी तो विषय काढला नाही. मग माझं लग्न ठरलं, आणि माझे सासरे, बंदरात शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवण्यात हयात गेलेला माणूस, भर बैठकीत विचारते झाले की मुलाला पोहता येतं ना. तुम्ही माझ्याआधी तोंड उघडलंत आणि म्हणालात, अहो, माझा भाचा आहे, माशासारखा पोहतो! तेव्हापासून मी मासा आहे. कानाच्या दुखण्याचं निमित्त सांगून बारा वर्षं कोरडा राहिलेला मासा. मुलांना हिने पोहायला शिकवलं तेव्हा मी काठावर टॉवेल सांभाळत होतो. शाळेत मी महासागरांचे प्रवाह शिकवतो, कुठला गरम, कुठला थंड, तोंडपाठ. त्यांतल्या एकातही मी घोट्याच्या वर गेलेलो नाही.

असो. तर गेले तीन महिने आम्ही बोटी बघत हिंडलो. मला वाटलं होतं, बोट बघणं म्हणजे घर बघण्यासारखं असेल. आत जायचं, भिंतींना हात लावायचा, ऊन कुठून येतं विचारायचं आणि बाहेर येऊन ‘कळवतो’ म्हणायचं. पहिलीच बोट पाहिली आणि मी वेडा झालो. पांढरीशुभ्र, सडपातळ, आत पांढऱ्या गाद्या, आणि मधोमध एवढा प्रशस्त पलंग की आपल्या घरच्या चौघांनी आडवं पडून पाहुण्यांनाही बोलवावं. ही त्या पलंगावर आडवी झाली, मला म्हणाली, आता बोट कलली समजा, आणि स्वतः घरंगळत जाऊन पलीकडच्या कपाटावर आपटून दाखवलंन. मी आ वासून बघत राहिलो. म्हणजे बंदरात जे सुखाचं, ते समुद्रात दुःखाचं! समुद्रात पलंग हवा अरुंद, कुशीला फळी हवी, वर पडदा बांधायला कड्या हव्यात, म्हणजे मूल झोपेत बोळक्यातल्या लोणच्यासारखं जागच्या जागी राहतं. चूल अशी टांगलेली हवी की बोट झुकली तरी पातेलं सरळ राहील. मागच्या बाजूला बसायची जागा हवी खोल, आणि लाट आत आलीच तर पाणी मिनिटभरात निघून जायला भोकं हवीत मोठी. हे सगळं ही मला सांगत होती आणि मी चौदा वर्षं भूगोल शिकवणारा माणूस वहीत उतरवून घेत होतो.

पण खरी तपासणी पुढेच. ही कारखान्यातून निघते तीच गळ्यात टेप आणि खिशात खडू घेऊन. कुठलंही कापड बेतण्याआधी ज्याला बसवायचं त्याचं माप आधी, हा हिचा नेम, मग ते शीड असो की धाकट्याची विजार. प्रत्येक बोटीवर गेलं की मला कडेच्या कठड्यापाशी उभं करायची आणि म्हणायची, अहो, टोपी खाली पडली समजा, वाका. आणखी वाका. मी वाकलो की कठडा जिथे येईल तिथे माझ्या विजारीवर खडूची रेघ. रेघ बघून ‘नाही’ म्हणायची आणि तरातरा फळीवरून खाली. मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही आपला पुतळा. मध्यम बांध्याच्या माणसावर माप घेतलं की सगळ्यांना बसतं. पटलं मला. मुलं लहान आहेत, उद्या वाढतील, पुढचा विचार करायला हवा. (शाळेत माझ्या विजारीवरच्या रेघांचं कोणाला काही वाटलं नाही. मास्तरच्या अंगावर खडू नसेल तर वाटायचं.) अशा आठ बोटी आणि आठ रेघा झाल्या. सगळ्या गुडघा आणि मांडी यांच्या दरम्यान. दलालाने आमचा फोन घेणं सोडलं.

नववी ही ढब्बी. नाव थोरलीने ठेवलंय, आणि बघाल तर म्हणाल, पोरीने बरोबर ठेवलं. आखूड, गोल, पोट सुटलेली, हिरवा रंग उडून शेवाळी झालेली. शर्यतीत हिला कोणी घेणार नाही आणि घेतलीच तर बाकीच्या बोटी परत येताना ही त्यांना जाताना भेटेल. मालकीणबाई निवृत्त परिचारिका. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने तीन मुलं या बोटीवर वाढवली. त्या बाईंनी मला आत नेऊन लहान पलंगाची कड दाखवली. तिच्यावर ओळीने बारीक खुणा होत्या. मला वाटलं वाळवी. त्या म्हणाल्या, दात येत होते त्यांचे, ऐन वादळात. बाहेर चार दिवस आभाळ फाटलं होतं आणि आत ही पोरं लाकूड चावत होती. मामा, मी त्या खुणांवर बोट फिरवलं आणि काय सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. केवढा तो समुद्र, आणि त्यात ही एवढीशी लाकडी पेटी, आणि त्यात मुलाचा पहिला दात! आपण पोरांना सर्दी होईल म्हणून खिडकी लावून घेणारी माणसं.

बोट सुदृढ आहे का हे पाहायला आम्ही एका म्हाताऱ्या सुताराला आणलं. त्याला धक्क्यावर सगळे ठोकेमास्तर म्हणतात. हातात छोटी हातोडी. बोटीच्या अंगावर वीतभर अंतराने ठोके मारत जातो आणि कान लावून ऐकतो. टणक आवाज आला की लाकूड निरोगी, भद्द आला की आत ओल. दोन तास तो ढब्बीला ठोकत होता आणि आम्ही दवाखान्याबाहेर नातेवाईक बसतात तसे बसून. शेवटी म्हणाला, बाई, ही तुमच्या नातवंडांना पुरेल. फक्त तो कठडा तेवढा कापून टाका, एवढा उंच कठडा बोटीवर कुणी पाहिलाय का, माडीचा सज्जा दिसतो. पोरांसाठी मालकाने स्वतः वाढवून घेतलेला होता म्हणे. ही एकदम म्हणाली, कठड्याला कोणी हात लावायचा नाही. एवढ्या मोठ्याने बोलताना मी हिला क्वचितच ऐकलंय. ठोकेमास्तराने जाता जाता माझ्या पाठीवरही दोन ठोके मारले, कान लावला आणि म्हणाला, अगदी कोरडं.

मग झाली समुद्रातली चाचणी. मी घरातूनच जीवरक्षक जाकीट घालून निघालो होतो. (मुलांना वळण लागावं म्हणून. मुलांनी ती बोटीवर चढताना घातली.) ते जाकीट पाणी लागलं की आपोआप फुगणारं. बंदराबाहेर पडलो, वारा भरला, ढब्बी कलली आणि मी कोणाला दिसू नये म्हणून आत संडासात गेलो. तिथे तीन तोट्या. मी भूगोलाचा माणूस, मधली फिरवली. खालून कारंजं उडालं. मला वाटलं, संपलं. तळ फुटला! आणि तेवढ्यात जाकिटाला पाणी लागलं. मामा, तो संडास उभ्या कपाटाएवढा. त्यात मी, कारंजं आणि फुगत जाणारं जाकीट. मला दार उघडून बाहेर निघता येईना, कारण मी आता दारापेक्षा मोठा झालो होतो. धाकटा बाहेरून ओरडत होता, आई, बाबा मोठे होतायत! हिने सुकाणू थोरलीच्या हातात दिलं, आत आली, तोटी बंद केली, जाकिटातली हवा सोडली आणि बाटलीचं बूच काढावं तसं मला बाहेर काढलं. नुसतं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, चला, वर बसा, आत जास्त मळमळतं.

वर आलो तर हिने सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मला येत नाही. म्हणाली, धरा नुसतं. धरला. मामा, हे कसं सांगू? त्या दांड्यातून पाणी हाताला लागतं. ओलं नाही, जिवंत. गर्दीत मूल आपलं बोट धरून जरा पुढे ओढतं ना, तसं. समोर नुसतं पाणी आणि आभाळ, पोरं पुढे बसून गातायत, लाट आली की ढब्बी जड अंगाने वर चढते, क्षणभर विचार करते आणि पलीकडे उतरते. इतकं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नकाशावर मी त्याला निळा रंग देत होतो. आणि शिडाकडे बघत उभी असलेली तुमची भाचेसून! ही बाई रोज माझ्यासमोर बसून जेवते आणि मी हिला पहिल्यांदाच बघतो आहे असं वाटलं. घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं मी घाबरायचं विसरलो होतो.

परिचारिकाबाईंना उत्तर परवापर्यंत द्यायचं आहे. ही काही विचारत नाही. मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक द्यावा.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. एक छोटीशी विनंती राहिली. आपण उलट टपाली मला असं लिहावं की तुमचा गुडघा फारच बिघडला असून वर्षभर भाच्यावाचून भागणार नाही. पत्र हिच्या हाती पडेल असं पाठवावं. पत्राला खरं कारण हेच होतं. मला लाज वाटते आहे, पण ‘माशासारखा’ तुम्ही म्हणालात, मी नाही.

ता. क. २. वरची विनंती रद्द. पत्र घडी घालायला घेतलं आणि घालवेना. उठलो, हिच्या खोलीत गेलो आणि ‘हो’ म्हणून आलो. ही ‘बरं’ म्हणाली आणि मशीन चालवत राहिली. मशीनखाली कापड नव्हतं. आता मामा, तुम्ही मला पंधरा दिवसांत पोहायला शिकवा. उथळ बाजूला, सकाळी लवकर, पोरं यायच्या आत, आणि ढकलायचं नाही. मी रविवारी येतो. घरी तुमच्या गुडघ्याचं सांगून निघणार आहे, तेव्हा कोणी भेटलंच तर थोडं लंगडावं.

ता. क. ३. मामा, नमस्कार. अक्षर वेगळं दिसतंय ते माझं, तुमच्या भाचेसुनेचं. यांची विजार खडू झटकायला घेतली तर खिशात तुमच्या नावाचं चिकटवलेलं पाकीट. आम्ही जुन्या शिडाची शिवण उसवून कळू न देता पुन्हा घालतो, डिंकाचं काय घेऊन बसलात. यांना पोहता येत नाही हे मला त्या बैठकीपासून माहीत आहे. तुम्ही ‘माशासारखा’ म्हणालात तेव्हा यांच्या हातातल्या पेल्यातलं अर्धं पाणी सांडलं. आमचे वडील आत येऊन मला म्हणाले, याला पोहता येत नाही, पण सकाळी माझ्याबरोबर धक्क्यावर तासभर उभा राहिला, पाय लटपटत होते तरी मागे सरला नाही, तू हो म्हण. मुलं पाण्यात यांच्यापेक्षा सुरक्षित आहेत. त्यांच्यासाठी आधीच्या आठांतली कुठलीही बोट चालली असती. रेघ मी पुतळ्यासाठी मारत नव्हते. ढब्बीचा कठडा यांच्या कमरेच्या वर चार बोटं येतो, टोपी पडली तरी. रविवारी हे तुमच्या गुडघ्याचं सांगून निघतील तेव्हा मी डबा बांधून देईन आणि काळजीचं तोंड करीन. नीट शिकवा. आणि हा कागदाचा कोपरा कोराच आला होता, असं समजा.