कुंपणावरची टिटवी

प्रिय आई,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. एकाच घरात राहून कोण कोणाला पत्र लिहितं? तुम्ही बेसमेंटमधून हाक मारायचात आणि मी किचनमधून ओ द्यायचे, एवढ्यावर आपलं भागायचं. पण आज तुमच्या खुर्चीत बसून एक निर्णय कळवायचा आहे आणि तो तुमच्याबद्दलचा आहे. तुम्हाला न सांगता तो पुढे कसा पाठवू?

झालं असं, की हौसेने जुन्या काळची चिलखतं-अंगरखे घालून जमणाऱ्या आपल्या त्या मध्ययुगीन मंडळींकडे एका नव्या बाईंचा अर्ज आला. मध्ययुगात शोभेल असं नाव आणि ढालीवरचं चिन्ह, दोन्ही नोंदवायचंय. तुम्ही गेल्यापासून हे अर्ज तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बहुतेक तुम्हीच त्या मंडळींतल्या ब्रायनच्या कानात सांगून ठेवलं असणार! मी चहा घेत घेत ते चित्र उघडलं आणि कप हातातच राहिला. निळी ढाल, मधोमध पांढरी टिटवी, थेट तुमच्या ढालीसारखी. तुमच्या लाटांच्या जागी खाली हिरवी टेकडी, एवढाच काय तो फरक.

नियम तुम्हीच मला घोटून शिकवलात. दोन ढालींत निदान दोन ठळक फरक हवेत. माणूस गेलं तरी त्याची ढाल त्याचीच राहते. फरक कमी पडत असेल तर वारसाने संमती द्यायची, नाहीतर अर्ज परत. आता वारस म्हणजे तुमचा लेक.

केदारने चित्र नीट पाहिलंसुद्धा नाही. "नो वे, मृणाल. ती आईची आहे. रिजेक्ट कर, विषय संपला," म्हणाला आणि बाहेर गेला. ड्राइव्हवेवरचा बर्फ आधीच काढलेला होता, तरी बराच वेळ शोव्हल करत राहिला. मी खिडकीतून बघत होते. आई, तो तुमच्याबद्दल अजून बोलत नाही हो. बेसमेंटच्या भिंतीवरची तुमची ढाल कोणी पुसायला काढली तरी त्याच्या कपाळावर आठ्या येतात.

खरं तर या सगळ्याची सुरुवात त्याच्यामुळेच झाली, नाही का? शाळेत असताना त्याला चिलखत घालून लढायचं वेड लागलं. तुम्ही हॉस्पिटलमधून दमून यायचात आणि त्याला सरावावरून घ्यायला चर्चच्या बेसमेंटमध्ये जाऊन बसायचात. विनिपेगची ती थंडी, अंगावर जाडजूड पार्का कोट, कोपऱ्यात लोखंडाचा खणखणाट! नुसतं बसवेना म्हणून शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते विचारलंत. तिथे नावं आणि चिन्हं तपासत होते. थोड्याच दिवसांत तुम्ही त्यांच्या चुका काढायला लागलात, आणि केदारने चिलखत सोडलं तरी तुम्ही काही टेबल सोडलं नाहीत.

मराठी मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, "सुमतीताई, तुम्ही एवढ्या पॅथॉलॉजिस्ट, आणि हे तलवारीबिलवारींचं काय काढलंत?" तुम्ही मोदक खात शांतपणे म्हणायचात, "अहो, तिथेही मी निदानच करते." आणि मला एकदा म्हणाला होतात, "आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून सगळं जवळून पाहिलं गं. आता लांबून बघायला मजा येते."

लांबून बघणं! ते तुमचं कुंपण मी कशी विसरेन? ढाल ओळखायची असते ती मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून, टेबलावरून नव्हे, हे तुमचं ठाम मत. म्हणून प्रत्येक चित्र मोठं रंगवून मागच्या कुंपणाला चिमट्यांनी टांगायचं आणि किचनच्या खिडकीतून बघायचं. उणे तीस असो की वारा सुटलेला असो. शेजारचे बिचारे आपल्याला काय समजत असतील!

माझी शेवंती आठवते? हौसेने पांढऱ्या ढालीवर पिवळी शेवंती काढली होती. पिवळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर पिवळं चालत नाही हे मला कुठे माहीत होतं? तुम्ही बूट घातलेत आणि ऐन जानेवारीत ती कुंपणाला टांगून आलात. मग मला खिडकीशी उभं केलंत. बाहेर बर्फ, त्यावर पांढरी ढाल, त्यावर माझं फूल. तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "तुझी शेवंती वाटेत पडली की काय?" तेव्हा मला भयंकर राग आला होता. सख्ख्या सुनेचा अर्ज परत करतात का कोणी? पण शेवटी जांभळ्या ढालीवर ती अशी खुलली की मी तुम्हाला तेव्हाच माफ करून टाकलं.

तुमचं एक मात्र मला कधी पूर्ण जमणार नाही. कुणालाही "नाही" कळवायच्या आधी तुम्ही फोन करायचात. ब्रायनला तर ड्यूक व्हायचं होतं! नावातच ड्यूक, पुढे ड्रॅगन, आणखी काय काय. बाकीचे हसत होते. तुम्ही मात्र त्याला फोन लावून म्हणालात, "ड्यूक इज नॉट पॉसिबल, ब्रायन. दॅट यू हॅव टू अर्न. बट टेल मी, तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय?" तासभर तो वेल्डर गडी तुम्हाला आजीच्या गोष्टी सांगत होता. त्या आडनावाचे जुने पुरावे तुम्हीच शोधून दिलेत. तुमच्या अंत्यविधीला तो तेच नाव भरतकाम केलेला अंगरखा घालून आला. मंडळातल्या काकूंनी मला हळूच विचारलं, "हे नाटकातले आहेत का गं?" मी हो म्हटलं. त्या वेळी समजावून सांगायचं बळ कुठून आणणार?

आणि स्वतःला काय सूट दिलीत? तुमच्या अर्जात 'नागाई' हे मध्ययुगीन नाव हवं होतं, तर पुण्याच्या मैत्रिणीला जुन्या शिलालेखांच्या पुस्तकांत शोधायला लावलंत. तिच्या नाकी नऊ आणलेत! मी म्हटलं, इथे कोण तपासणार आहे मराठी नाव? तुम्ही म्हणालात, "मी."

एक तक्रार मात्र आहे, आणि ती मी करणारच. जगाचे रिपोर्ट वाचलेत, मग स्वतःचं दुखणं "थोडी अ‍ॅसिडिटी" म्हणून का दडवलंत? आम्हाला थोडा तरी वेळ मिळाला असता. तेवढ्या एका बाबतीत मला तुमचा अजूनही राग येतो, आई.

असो. तर तुमची पद्धत आठवून मी त्या नव्या बाईंना फोन केला. त्यांचं नाव डेनिस, शहरात बस चालवतात. तुम्ही अशा वेळी विचारायचात तोच प्रश्न विचारला, चिन्हातलं काय सोडायला जीव होत नाही? म्हणाल्या, "पक्षी." बस डेपोच्या मागे खडीवर दर उन्हाळ्यात किलडिअर अंडी घालते. आपल्या टिटवीची चुलत बहीणच ती. डेनिसबाई घरट्याभोवती रस्त्याच्या कामावर असतात तसले नारिंगी कोन लावून ठेवतात, आणि तरी ती बया त्यांच्याच अंगावर ओरडत येते. "एवढीशी आहे, पण अख्ख्या बसला दम देते," म्हणाल्या आणि हसल्या.

मला तुम्हीच आठवलात. टिटवी ओरडली की अपशकुन म्हणतात, मग हीच का घेतलीत, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही उसळून म्हणाला होतात, "अंडी उघड्यावर आहेत तिची. ओरडणार नाही तर काय करेल?"

मी डेनिसबाईंना तुमच्याबद्दल सांगितलं. मग म्हणाल्या, "मग मी बदलते. गेलेल्या माणसाचं कसं घेऊ?" पण आवाज पडला होता त्यांचा.

आता काय करावं? तुम्ही जे केलं असतंत ते केलं. त्यांचं चित्र मोठं रंगवलं आणि आज सकाळी कुंपणाला टांगलं. केदारला काही बोलले नव्हते. मला फक्त लांबून बघायचं होतं.

मी आत येऊन बूट काढतेय तोवर हा किचनमध्ये आला. चष्मा नव्हता. खिडकीतून बाहेर बघितलं आणि ओरडलाच, "आईची ढाल बाहेर का लावलीस? ओली होईल ना!" आणि जॅकेट न घालता, घरातल्या चपलांनी तसाच बर्फातून धावला.

कुंपणापाशी पोहोचला आणि थांबला. हिरवी टेकडी दिसली असणार. चिमट्याला हात लावला, पण काढलं नाही. माझ्याकडे पाठ करून तिथेच उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, आई. मी त्याचं जॅकेट हातात घेऊन दारात उभी होते आणि मला पुढे जावेना.

आत आला तेव्हा पाय भिजलेले, डोळे लाल. मी चहा पुढे केला.

"कोण आहे ही बाई?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. बस, खडी, नारिंगी कोन, सगळं. कोन ऐकून तो हसला. तुम्ही गेल्यानंतर त्याला असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"कुठे सही करायची?"

"तू तर नाही म्हणाला होतास."

"मला वाटलं, कोणीतरी आईचं घेऊन जातंय." कप घेऊन तो खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "समरच्या मेळाव्याला येणार ना ती? ढाल घेऊन उभी राहील तेव्हा मला सांग. मी जवळ नाही येणार. लांबूनच बघेन."

दोन ढाली एकमेकींसारख्या दिसू नयेत म्हणून तुम्ही इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलात. आणि आज तुमच्या लेकाने त्या सारख्या दिसतात म्हणूनच सही केली. चालेल ना? चालेल, मला माहीत आहे. संध्याकाळी डेनिसबाईंना फोन केला. त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

तर आई, हे माझं वचन. फोन केल्याशिवाय मी कुणालाही "नाही" कळवणार नाही. आणि उन्हाळ्यात मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला तुमच्या लेकासाठी एक खुर्ची टाकेन, त्याचा चष्मा माझ्या पर्समध्ये ठेवेन, आणि त्याला हवा तेवढा वेळ बसू देईन.

तुमची,
जांभळ्या ढालीवरची शेवंती,
मृणाल