मामा पडले ती गल्ली

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे.) मामीचा खोकला आणि तुमचे गुडघे आता बरे आहेत, असे मी आईला परस्पर सांगून टाकले आहे.

सत्ता बदलली की आपल्या गल्लीची पाटी बदलते, हे पाट्या रंगवण्यात जन्म घालवलेल्या तुम्हाला मी काय सांगावे? तुमचे कुंचले हाती घेतल्यापासून मीच ती तीनदा रंगवली. हल्ली ‘जननेता पथ’ आहे. (कोणता नेता, यावर अजून वाद आहे.) गेल्या महिन्यात बाबांना भोवळ आली, तेव्हा रुग्णवाहिकेला मी मोठ्या ऐटीत हेच नाव सांगितले. ती बिचारी शहरभर भटकत बसली. इकडे बाबांचे डोळे पांढरे, माझे त्याहून पांढरे. शेवटी आईने फोन हिसकावून ‘मामा पडले ती गल्ली’ असे सांगितले आणि गाडी सरळ दारात आली. तुम्ही शिडीवरून ज्यांच्या अंगावर पडलात, त्या मंत्र्यांचे नाव आज कोणाला आठवत नाही. तुमचे पडणे मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे.

बाबा ठणठणीत झाले आणि हट्टाला पेटले, की गल्लीला तुमचेच नाव हवे. गल्लीच्या सभेत सगळ्या पक्षांनी माना डोलावल्या. (दुसऱ्या पक्षाच्या माणसापेक्षा कोणाचाच नसलेला परवडला.) पण नगरपालिकेचे साहेब म्हणाले, हयात माणसाचे नाव रस्त्याला देता येत नाही. सभा हिरमुसली. तेवढ्यात बाबा उठले आणि रडका आवाज काढून म्हणाले, “मेहुणे मागच्याच वर्षी वारले हो.” मग त्यांना खरेच रडू फुटले. सगळे उभे राहिले. किराणावाल्याने डोळे पुसले, मीही पुसले. फार छान सभा झाली, तुम्ही हवे होतात.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा भाचा

ता. क. अनावरण रविवारी आहे, तेव्हा कृपा करून इकडे फिरकू नका. गंभीर चेहऱ्याचा एक फोटो मात्र पाठवा.

आणखी ता. क. वरचे सगळे आईने वाचले. सभेपासून ती बाबांशी बोललेली नाही. म्हणते, “मला भाऊ दारात हवा, पाटीवर नको.” तेव्हा रविवारी याच, आणि सगळ्यांना दिसाल असे या. येताना तुमचा बारीक कुंचला आणा, ‘जननेता पथ’ पुन्हा लिहावे लागेल. शिडी बाबा धरणार आहेत.