विजूसाठी धरलेलं मौन

मांजरसुंबा, रविवार

तीर्थस्वरूप छबुताईस,

वनिताचा पदर पसरून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींची साखर उतरली का (दोघांचंही पथ्य तूच मोडतेस, मला ठाऊक आहे), माजलगावात उसाच्या गाड्यांची गर्दी सुरू झाली का? इथे स्वामींच्या कृपेने सगळे बरे आहेत, फक्त माझ्या छातीतली धडधड चार दिवस झाले तरी बसलेली नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आपल्या विजूचं तुला माहीतच आहे. नात पावणेतीन वर्षांची झाली तरी बोट दाखवायचं आणि "अं" म्हणायचं, एवढ्यावर तिचं सगळं चाललं होतं. देवळाच्या घंटेतलं पाणी पाजून झालं, पोपटाने उष्टावलेला पेरू झाला (पोपट शेजारच्या जानकीबाईंचा, पेरू बहुतेक त्यानेच खाल्ला आणि तो आता जास्तच बोलतो). मग तू म्हणालीस, कपिलधारला जाऊन मौन धर. धरलं. विजू एक शब्द स्वच्छ बोलेपर्यंत मीही बोलणार नाही, असं धबधब्याखाली भिजत कबूल केलं आणि घरी आल्याबरोबर अंगदची लहानपणची जुनी पाटी काढली. भाजी काय करायची ते पाटीवर, दूधवाल्याला उद्या नको ते पाटीवर. घरात इतकी शांतता पसरली, की ह्यांनी दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. (त्यावर मी पाटीवर काय लिहिलं ते इथे लिहीत नाही.)

नवव्या दिवशी सूनबाई, आपली ज्योत्स्ना, विजूला बीडला स्पीच थेरपीच्या बाईंकडे घेऊन गेली. मीही गेले, पाटीसकट. बाईंनी आधी कान तपासून घेतले, कान चांगले निघाले. मग विचारलं, दिवसभर पोरीजवळ कोण असतं? ज्योत्स्नाने माझ्याकडे बोट केलं, कारण ती शाळेवर आणि अंगद कारखान्यावर. बाई मला म्हणाल्या, तुम्ही तिच्याशी काय काय बोलता? मी लिहिलं, 'मौन आहे. ती बोलावी म्हणून.' बाईंनी ते दोनदा वाचलं. ताई, तो चेहरा मला मरेपर्यंत दिसणार.

"अहो आजी, मग लेकरानं शब्द ऐकायचे कुठून?"

माझ्या हातातला खडूच पडला. त्यात ज्योत्स्ना म्हणते, "पहिले तर आई इतकं बोलायच्या, की हिला मधी जागाच नव्हती. तहान लागायच्या आधी पाणी तोंडाशी." मला उत्तर लिहायचं होतं, पण खडू सापडेना. बाई मात्र भल्या. म्हणाल्या, दोष कुणाचा नाही, काही लेकरांना उशीर लागतो, दर आठवड्याला घेऊन या. घरी थोडं बोलायचं, आणि मग मनात दहा मोजेपर्यंत गप्प राहून तिची वाट बघायची.

देवाला गप्प राहीन म्हणून सांगितलेलं आणि बाई बोला म्हणतात. या विचारात मांजरसुंब्याला बसमधून उतरले, आणि विजू हात सोडून थेट समोरून येणाऱ्या ट्रककडे पळाली.

"विजू, थांब!"

ढाब्यावरची माणसं खाटेवरून उठली. विजू थांबली. नवस मोडला. मी तिथेच धुळीत बसले.

आता जपमाळेवर दहा मणी मोजते. तांब्या दाखवून "पाणी?" म्हणते आणि मणी ओढते. तिसऱ्या मण्याला माझी जीभ वळवळते, सातव्याला घाम फुटतो. काल नवव्या मण्याला विजू "पा" म्हणाली. वहीत तारीख घालून लिहिलं. पण "पा" हा स्वच्छ शब्द धरायचा का, यावर देवाशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

तुझी धाकटी,
वनिता

ता. क. पत्राचं खरं कारण असं. मोडलेला नवस थोरल्या बहिणीने पुरा केला तरी चालतो, असं मंदिरातले अप्पा म्हणाले. मौन सुचवलं तूच. तेव्हा विजू स्वच्छ बोलेपर्यंत आता ते तू धर.

ता. क. २. दाजींना आधीच फोनवर विचारलं. त्यांनी पुरतं ऐकूनही न घेता होकार दिला आणि संध्याकाळी पाटी विकत आणली म्हणे.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र विजूसमोर मोठ्याने वाचत होते. मध्येच तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांब." अगदी स्वच्छ. कोण बोललं म्हणून हे बाहेरून धावत आले. मी थांबले. दहा मणी झाले, वीस झाले, तरी मी मणी ओढतच होते. म्हणजे नवस फिटला, ताई. तरी तू चार दिवस मौन धरच. दाजी बिचारे पाटी घेऊन बसलेत.