पाटीवर जागा थोडी होती

ता. ४, गुरुवार
सूनबाईचं पत्र आलं. इंग्रजीत, शाईने, सरळ ओळीत. तिला मराठी येत नाही, तिची भाषा आम्हाला येत नाही, म्हणून मधे इंग्रजीचा पूल. मजकूर असा: ती आणि चिरंजीव २९ तारखेला नोकरीसाठी लांब जाणार, तीन वर्षांकरता. त्याआधी २८ च्या रविवारी तिला आमच्याकडे जेवायला यायचं आहे. पण मी माझ्या हाताने एक ओळ लिहून ‘ये’ म्हटलं तरच. सासूबाईंचा फोन चालणार नाही.

एक ओळ! छत्तीस वर्षं पितळी पाट्या कोरल्या. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सगळ्यांचं इंग्रजी या हाताखालून गेलं. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं पाट्यांनी शिकवलं. उद्या दुपारी पत्र पेटीत पडलेलं असेल.

ता. ५, शुक्रवार
नुसतं ‘ये’ लिहिणं बरं दिसत नाही. आधी पाटीचा खुलासा हवा.

नोंद म्हणून लिहून ठेवतो. त्यांच्या नव्या घरासाठी मी पाटी कोरून दिली. तीवर चिरंजीवाचं नाव आलं, तिचं राहिलं. जागा नव्हती. दुसरं काहीही कारण नाही. त्यांनी आम्हाला न विचारता लग्न केलं, त्याचा पाटीशी काडीचा संबंध नाही. पाटी एक दिवस दारावर होती, मग रद्दी पेपरात गुंडाळून परत आली. तेव्हापासून चिरंजीव माझ्याशी बोलत नाही. वर्ष होईल आता.

खुलासा एका वाक्याचा. पाटीवर जागा थोडी होती. इंग्रजीत, ‘देअर वॉज लिटल स्पेस’. झालं काम.

की ‘अ लिटल स्पेस’? उद्या व्याकरणात बघतो. पितळेवर खोडरबर चालत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

ता. ७, रविवार
व्याकरणाचं पुस्तक माळ्यावर होतं. दोन दिवस शोधण्यात गेले. पुस्तक म्हणतं: ‘लिटल स्पेस’ म्हणजे जागा जवळजवळ नव्हतीच. ‘अ लिटल स्पेस’ म्हणजे थोडी का होईना, होती. एवढासा ‘अ’, पण त्याच्यावर माणूस सुटतो नाहीतर अडकतो.

आपलं अर्थातच पहिलं.

ही विचारत होती, झालं का पत्र. म्हटलं, पाया घालतोय. तर म्हणाली, एका ओळीचं घर, त्याला पाया कसला घालताय?

ता. १०, बुधवार
खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कचा सल्ला घेतला. माझ्या एका मित्राची अडचण आहे असं सांगून. ते म्हणाले, आमच्या ऑफिसात सरळ ‘नो स्पेस’ लिहायचो, ‘अ’ची भानगडच नको, खाली जावक क्रमांक टाकायचा. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तुमच्या मित्राला विचारा, सुनेला पत्र लिहितोय की नोटिशीला उत्तर देतोय?

सून हा शब्द मी काढलाच नव्हता. जिन्यात सगळ्यांना सगळं ऐकू जातं.

ता. १३, शनिवार
अप्रिय प्रसंग. हिने कपाटातून ती पाटी काढली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि चिरंजीवाच्या नावाखाली बोटं टेकवली. चार बोटं जागा. मी म्हटलं, ती मोकळी कुठे आहे, तिथे वेल कोरली आहे. पाटीला तोल लागतो, बायकांना त्यातलं कळत नाही. तर हिने वेलीची पानं मोजली. सात भरली. मग सूनबाईच्या नावातली इंग्रजी अक्षरं मोजली, बोटांवर, माझ्यासमोर. सहा.

एक पान उरलं असतं, एवढंच म्हणाली आणि आत गेली.

उद्यापासून फिरायला जायचं. डोकं साफ राहतं.

ता. १७, बुधवार
फिरायला गेलो नाही. चपलेचा अंगठा तुटला.

खुलाशाचा परिच्छेद गाळावा असं ठरवलं. खरं लिहायचं तर ‘अ लिटल स्पेस’ लिहावं लागेल, आणि ते म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा. त्याऐवजी दिलगिरी. ‘आय ॲम सॉरी फॉर अ मिस्टेक’. इथे ‘द’ घातलं तर ‘ती चूक’ होते, म्हणजे दोघांनाही ठाऊक असलेली, बोट दाखवता येईल अशी. ‘अ’ घातलं की कुठलीतरी, कुणाकडूनही होणारी, वीज जाते तशी. ‘अ’ बरा. नम्र आहे.

अकरा मसुदे झाले. अक्षर मात्र सुरेख येतंय.

ता. २०, शनिवार
ही म्हणाली, पत्र जमत नसेल तर नवी पाटी करून द्या, दोघांच्या नावांची, तीच पाठवा. वा! हे मलाच सुचायला हवं होतं. एरवी सुचलंही असतं. लगेच हत्यारं काढली. दिवसभर धार लावली. केस उभा चिरेल अशी धार लागली.

संध्याकाळी लक्षात आलं की ते घर तर ती दोघं सोडून चालली. पाटी लावणार कुठल्या दाराला? वरातीमागून घोडं. हत्यारं तेल लावून परत ठेवली. हिला सांगितलं. ती म्हणाली, धार बाकी छान लागली हो. हिच्या बोलण्यात हल्ली एक प्रकारचा कडवटपणा येतो.

ता. २३, मंगळवार
पत्र पोचायला तीन दिवस लागतात. उद्या टाकलंच पाहिजे.

दिलगिरीचं वाक्य पक्कं. आता फक्त निमंत्रण. ‘कम टू द हाउस’ की ‘कम होम’? पुस्तक म्हणतं, होमच्या आधी काही लागत नाही. सोपं आहे खरं तर. पण ‘द हाउस’ म्हणजे ही इमारत, हा जिना, ही बेल. पाहुण्याने यावं, जेवावं, जावं. ‘होम’ म्हणजे घरच्या माणसाने घरी यावं. दोन्ही व्याकरणाने बरोबर. प्रश्न फक्त व्याकरणाचा आहे, बाकी मनात काही नाही. त्यावर सकाळपासून बसलोय. चहा तीनदा गार झाला. चौथ्यांदा हिने केला नाही.

ता. २४, बुधवार, दुपारी ३
‘कम होम’ ठरलं! शिसपेन्सिलीने लिहून तयार. आता शाईने गिरवायचं. टपालपेटी पाच वाजता उघडतात. भरपूर वेळ आहे. जरा पाठ टेकतो, हात स्थिर राहतो त्याने.

सायंकाळी ५.२०
पोस्टाचा माणूस आज वेळेवर आला. एरवी कधी येतो? या खात्याचं काही खरं नाही.

ता. २६, शुक्रवार
पोस्टात जाऊन विचारलं. आज टाकलं तर सोमवारी पोचेल. म्हणजे व्यर्थ. ही म्हणाली, मी फोन करून बोलावते. म्हटलं, तिने हाताने लिहिलेलं मागितलंय, तिच्या अटीचा मान आपण राखायला हवा. ही पिशवी घेऊन निघाली. एकही टोमणा नाही. बाजारातून चार माणसांची भाजी घेऊन आली आणि निवडत बसली.

ता. २८, रविवार
कुणी आलं नाही. मी अकरा वाजता दाढी करून बसलो होतो, उगाच.

साडेअकराला हिने डबे भरले आणि एकटीच बसने त्यांच्याकडे गेली. सहाला परत आली. चिरंजीवाने माझं नावही काढलं नाही. सूनबाईने मात्र विचारलं, चिरंजीवाने मधे मराठी करून सांगितलं: बाबांना दिसायला कमी झालंय का? पत्र लिहिता आलं नसेल. तेव्हा पाटीवरची जागाही दिसली नसेल. मी उगाच वर्षभर मनात धरलं, म्हणाली.

हिने हो म्हणून सांगितलं.

मी भडकलो. डोळे? माझे? तांदळाच्या दाण्यावर नाव कोरून देईन आजही! ही पदराची गाठ सोडत शांतपणे म्हणाली, मग काय सांगायला हवं होतं?

यावर चोख उत्तर आहे. आत्ता आठवत नाही.

ता. २९, सोमवार, दुपारी ४
त्यांचं विमान रात्रीचं. ही पेठेत गेली होती. पत्र, शाई, पुस्तक सगळं बाजूला ठेवलं आणि घरच्या फोनवरून सूनबाईचा नंबर लावला. वाक्य पाठ केलं होतं, ‘देअर वॉज अ लिटल स्पेस. आय डिड नॉट गिव्ह इट.’ जागा थोडी होती, मी दिली नाही. दहा वेळा म्हणून पाहिलं, एकदाही अडखळलो नाही.

तिने उचलला. हॅलो म्हणाली. मागे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता.

मी म्हणालो, राँग नंबर.

तिने लगेच ठेवला नाही. मीही नाही. मग ती अगदी सावकाश, मला कळेल अशा सोप्या इंग्रजीत म्हणाली, हरकत नाही, डोळ्यांची काळजी घ्या. आणि फोन ठेवला.