सही ठरवायची राहिली

सर, आज बँकेतून पुन्हा फोन आला. "मॅडम, चेकवरची सही जुळत न्हाय. येऊन नवा नमुना देऊन जावा की." तो बिचारा अदबीने बोलत होता. मला आधी हसू आलं, मग रडू. लोकांच्या हिशेबांवर सही करणं हाच माझा धंदा आणि माझी स्वतःचीच सही धड नाही! तुम्ही असता तर अख्ख्या राजारामपुरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडला असता. तो आवाज ऐकून किती वर्षं झाली.

बी.कॉम. झाल्यावर वर्गातल्या मैत्रिणींना पुण्याच्या मोठ्या फर्मनी निवडून नेलं. मुलाखतीत इंग्रजी बोलताना मला घाम फुटला आणि मी गावी, कोडोलीला परत आले. सीए व्हायचं तर कुणा सीएच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, एवढं आबांना कळलं होतं. डेअरीला दूध घालून झाल्यावर त्यांनी मला तशीच मोटरसायकलवर मागे बसवलं आणि राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या माडीवरच्या तुमच्या ऑफिसात आणून उभं केलं. तुम्ही माझे मार्क बघितलेच नाहीत. "रडतीस कशाला? तिकडं मोठ्या ऑफिसात वर्षभर एकाच कामाला जुंपली असती तुला. हितं काजू फोडण्यापासनं ताळेबंदापर्यंत सगळं बघशील. उद्यापासनं ये." काजूचं तुम्ही गमतीने म्हणताय असं मला वाटलं होतं.

नव्या गिऱ्हाइकाकडे पहिल्या दिवशी वही उघडायची नाही, नुसतं बसून काम बघायचं, हा तुमचा नियम. आजऱ्याच्या काजू कारखान्यात मी बायकांच्या रांगेत बसले आहे. हौसेने एक बी फोडायला घेते आणि टरफलाचं तेल लागून बोटं भाजतात. शेजारची मावशी बोटांना राख चोळत तुम्हाला विचारते, "सायेब, पोरगी तुमची काय?" मालकाशी बोलता बोलता मान न वळवता तुम्ही म्हणता, "व्हय, आमचीच हाय. का?" तुमच्या ते लक्षातही राहिलं नसेल. मी मात्र बोटांची आग विसरून येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले होते, चेहरा कुणाला दिसू नये म्हणून.

एकदा डबा खाऊन झाल्यावर मी वर्तमानपत्राच्या कडेला सह्या गिरवत होते, पुढे सीए लावून. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. "पास कधी झालीस गं? सही म्हंजे काय रांगोळी हाय व्हय? लोक तिच्यावर विश्वास ठेवत्यात. पास झालीस की माझ्या म्होरं बस, मग ठरवू." सगळ्यांच्या सह्या तुमच्याच टेबलावर ठरल्या. कुणी पास झालं की तुम्ही मिसळ मागवायचात, टेबल मोकळं करायचात आणि एक सही हातात बसेपर्यंत त्याला उठू द्यायचा नाहीत. "ते शेपूट काप आधी. शंभर पानांवर मारायची वेळ आली तर हात मोडंल तुजा." मी शेजारी बसून पाव मोडत ऐकायची आणि मनातल्या मनात माझी सही करून बघायची.

माझी पाळी मात्र येईना. सीएच्या परीक्षेचा एक ग्रुप सुटला, तर दुसरा अडकत राहिला. "अडकू दे की," तुम्ही म्हणायचात, "मी कुठं पळून चाललोय?" आणि ऐन उन्हाळ्यात, माझ्या निकालाच्या आधी, पळालात, ते कायमचेच. इतका राग मला कुणाचाच आला नाही.

निकाल लागला. आबांनी गावभर पेढे वाटले. मी एकटी तुमचा जिना चढून गेले आणि कुलूप बघून पायरीवर बसून राहिले. खालच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "पोरी, पाणी देऊ काय?" आता वर तुमच्या जागेत कोचिंग क्लास आहे. माझं ऑफिस दोन गल्ल्या सोडून आहे. माझ्याकडेही पहिल्या दिवशी कुणी वही उघडत नाही. पास झालेल्यांना मी मिसळ घालते, पण सही त्यांची ते ठरवतात. ती ठरवून देणं मला जमत नाही.

उद्या येते, असं बँकेला सांगितलंय. याआधीही सांगितलं होतं. एक नमुना ठरवून त्याला चिकटून राहणं काही अवघड नाही, सर. पण तुमच्याबरोबर करायचं असं माझं तेवढं एकच काम उरलंय. ते उरकून टाकलं की मग काय राहिलं? हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी शेवटाला आल्यावर हात सवयीने सही करायला खाली गेला. जागा तशीच सोडली आहे.