निष्कलंक प्रत

चिखली,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय सौमित्र,

तुझ्या प्रदर्शनाचं निमंत्रण मिळालं. कागद इतका जाड की पोस्टमनने लग्नपत्रिका समजून पेढे मागितले. सत्तावनच्या लढ्यावरची दुर्मिळ पुस्तकं, जप्त झालेली पत्रकं, आणि या सगळ्यांपेक्षा मोठा तुझा फोटो, हातात पांढरे हातमोजे! अमडापूरच्या बाजारात याच हातांनी भजी खाऊन तू ते शर्टाला पुसायचास. मी तेव्हा शेजारीच असायचे, त्यामुळे ते मोजे पाहून मला हसू आवरेना.

मी येणार नाही. कारण आतल्या पहिल्याच पानावर आहे. मनकर्णाबाईंच्या सत्तावनवरच्या पुस्तिकेचा फोटो तू तिथे छापला आहेस, खाली लिहिलंय, 'पहिला भाग. प्रत निष्कलंक.' निष्कलंक कशी झाली रे? रोहिणखेडला त्यांच्या देव्हाऱ्यासमोर तू ती उघडलीस तेव्हा पहिलं पान पिवळंधमक होतं. त्यांचे सासरे वामनराव यांनी इंग्रजांच्या काळात, झडतीच्या भीतीने, ती लाल फडक्यात बांधून पोथ्यांमध्ये ठेवली होती. पुढे स्वराज्य आलं तरी पोथी ती पोथीच राहिली. नव्या सुनेला त्यांनी सांगितलं, हिला रोज पूजायचं. सून निरक्षर. तिने सारा जन्म रोज सकाळी त्या पानाला हळदीकुंकू वाहिलं. तो डाग तू कुठल्याशा औषधाने धुऊन काढलास. एका बाईचा अख्खा जन्म तुला डाग वाटला.

आठ दिवसांत फोटो काढून परत आणतो, असं तू त्यांच्या पाया पडून म्हणाला होतास. तेव्हा त्यांनी तुझ्याकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि त्यांनी फडकं सोडून पुस्तिका तुझ्या हातात दिली. या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी फोन करते, तू 'मीटिंगमध्ये' असतोस. मी रोहिणखेडच्या बाजूला गेले की मनकर्णाबाई विचारतात, "मास्तरीणबाई, आनली का हो आपली पोथी?" आणि तीस वर्षं वर्गात इतिहास शिकवलेली मी तोंड लपवत परत येते.

तुझ्या संग्राहक मंडळींना मी एकदाच पाहिलं, पुण्याच्या त्या तुमच्या मेळाव्यात. दोन पोक्त माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, कारण एकाकडे एका पत्रकाचं मुखपृष्ठ होतं आणि दुसऱ्याकडे आतली पानं. तिसरा पुस्तक नाकाला लावून वास घेत होता. 'पहिली आवृत्ती' हे शब्द तुम्ही असे उच्चारता, जणू घरात मुलगा झाला. वाचत मात्र एकही जण नव्हता. मी विचारलं तर तूच म्हणालास, वाचलं की बांधणी ढिली होते! ज्यांनी ही पत्रकं लपूनछपून छापली त्यांना वाटलं होतं, लोक ती वाचून वाचून फाडून टाकतील. इंग्रजांनी ती एकदा जप्त केली होती, आता तू केलीस. कॉलेजात असताना तू मला लग्नाचं विचारशील असं सगळ्या बुलढाण्याला वाटत होतं, मलाही. विचारलं नाहीस ते बरं झालं. नाहीतर मीही आज काचेच्या कपाटात असते, धुऊन पुसून.

आता मुद्द्याचं. तुझ्या मुलाखतीचा व्हिडिओ मनकर्णाबाईंच्या नातवाने, गोविंदाने, त्यांना मोबाइलवर दाखवला. तू म्हणतोस, "ही पुस्तिका एका अडाणी घरात धूळ खात पडली होती, मी ती वाचवली." शिवाय आपल्याकडच्या 'मले-तुले'ची नक्कल करून समोरच्या बाईला हसवतोस. तुझी आई 'मले'च म्हणायची, सौमित्र. मनकर्णाबाईंना 'अडाणी'चं काहीच वाटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "धूळ? माह्या देव्हाऱ्यात?" आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. गोविंदाने मला बोलावून घेतलं, म्हणून गेल्या आठवड्यात मी गेले.

त्यांनी मला आत नेलं, लुगड्यांची पेटी उघडली आणि तळातून दुसरं लाल फडकं काढलं. दुसरा भाग. होय, तोच, जो 'आज कुठेही उपलब्ध नाही' असं तू त्या जाड कागदावर छापलं आहेस. एक झडतीत सापडला तर दुसरा बचावावा म्हणून वामनरावांनी दोन्ही वेगळे ठेवले होते. मनकर्णाबाई म्हणाल्या, "त्यानं पयला वापस आनून देल्ला असता, तर हाही त्यालेच देनार होती मी."

मग त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि वाचायला सांगितलं. मी वाचला, बांधणीची पर्वा न करता, मोठ्याने. शेवटची लढाई, शेवटची फाशी, शेवटचं पान. त्यांनी त्या पानाला हात लावून नमस्कार केला. मग म्हणाल्या, "हारलेच ना शेवटी? मंग माह्या सासऱ्यानं जीव धोक्यात घालून हे काऊन ठेवलं असंल? लोक लढाले काऊन उठले होते?" मी म्हटलं, का उठले ते पहिल्या भागात असेल.

हे पत्र त्यासाठी आहे. दुसरा भाग तुला मिळणार नाही, त्याची आशा सोड. पण मनकर्णाबाई पंच्याऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, आणि आता त्यांनी शेवट ऐकला आहे. सुरुवात तुझ्याकडे आहे. ती घेऊन ये. हातमोजे नकोत, कॅमेरा नको. जमिनीवर बस आणि त्यांना पहिल्या पानापासून मोठ्याने वाचून दाखव. माझी खात्री आहे, तूही ती पहिल्यांदाच वाचशील.

कधीकाळी तुझी,
आता मनकर्णाबाईंसमोर तुझ्यासाठी मान हलवून बसलेली,
शरयू